नवं पगान

छपराचा शेवटचा बांबू सोडवून फो ठिनने बैलगाडीत टाकला. चटया, मडकी, कोंबड्यांचं डालगं आधीच चढलं होतं. त्याची लेक न्वे बैलांपाशी उभी होती.

सगळी आळी रडत होती. पगानच्या, म्हणजे जुन्या राजधानीच्या, तटाआतली घरं हलवा, असा सरकारी हुकूम आला होता. देवळं पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना झोपड्या खुपतात म्हणे. राजे बुडाले, गोरे साहेब आले नि गेले, जपानी येऊन गेले, भूकंपाने कळस पाडले. माणसं मात्र तिथून हलली नव्हती.

फो ठिनला रडू येईना. आठशे वर्षांपूर्वी एका राणीने त्याच्या पूर्वजांना झाडलोटीसाठी गुलाम म्हणून वंशपरंपरेने देवळाला दान केलं होतं. गुलामी कायद्याने कधीच संपली, तरी त्यांच्या घरी कुणी पान मांडून बसत नसे, त्यांची मुलगी कुणी करत नसे. न्वेचं ठरत आलेलं लग्नही त्यापायीच मोडलं. गाडी वेशीबाहेर पडली तेव्हा त्याला इतकं हलकं वाटलं, की शरमून त्याने मान खाली घातली.

नव्या वस्तीत चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या. उघडा माळ, सावलीला झाड नाही. शेजारची जागा निघाली उ चिट यांची. आळीतले वडीलधारे, सगळे त्यांना मानत. आठवडाभर दोन्ही घरं बरोबरीने उभी राहत होती.

"आता सगळ्यांची घरं सारखीच, बाबा," न्वे खांबाला दोरी आवळत म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती हसली होती.

दुपार कलताना उ चिट आले. उन्हाने ओठ सुकलेले. न्वे लगबगीने पेला भरून घेऊन आली.

"आत्ताच प्यायलो, पोरी," ते मायेने म्हणाले आणि फो ठिनकडे वळले. "वर्गणी काढून इथे छोटा पॅगोडा बांधावा म्हणतोय. जिवाला तेवढाच आधार. झाडलोट तू बघशीलच."

"हो, दादा."

बोलून गेल्यावरच फो ठिनला आपले शब्द ऐकू आले. उ चिट समाधानाने परतले. न्वे पेला धरून तशीच उभी होती. त्याने तो तिच्या हातून घेतला आणि तिच्याकडे न बघता, एकेक घोट करत, पाणी पीत राहिला.