कोरडा डबा

"काका, तेलात पाणी राहिलं तर काय होतं?"

प्रश्न श्रेयाचा होता. बाकीची पोरं पिंपाचे फोटो काढण्यात दंग होती, ही एकटी वहीत लिहून घेत होती.

दौलताबादला किल्ल्याच्या अलीकडे बन्सीची पत्र्याची शेड. डिझेल पंप आणि नोजल दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली. ट्रॅक्टर दारात येण्याआधीच आवाजावरून त्याचं दुखणं सांगणारा माणूस. शहरातल्या कॉलेजातले राजेंद्र सर गेली काही वर्षं दर हिवाळ्यात पोरांना बायोडिझेल दाखवायला त्याच्याकडे आणत, आणि बन्सीचं भाषण आता तोंडपाठ झालं होतं.

"ही काय जादू नाय बगा. भज्याचं जळकं तेल गाळायचं. तापवून त्यातलं पाणी उडवायचं, बुडबुडे थांबेस्तोवर. मंग मेथॅनॉलमधी कॉस्टिक सोडा विरघळवायचा अन् तेलात घालून घुसळायचं. ठिवून दिलं की जड ग्लिसरीन खाली बसतं. वरचं काढून धुवायचं, सुकवायचं, की झालं इंजिनाचं खाणं. पर जुन्या इंजिनाला एकदम पाजायचं नाय. आधी डिझेलात थोडं थोडं. टाकीतली जुनी घाण सुटती अन् फिल्टर चोंदतं."

पाण्याचा प्रश्नही दरवर्षी यायचा. त्याचं उत्तरही ठरलेलं होतं. "साबण व्हतो. आमच्या मंडळीनं एकदा वला डबा आणला, अन् आख्ख्या पिंपाचा साबण केला." पोरं हसायची. गीताबाई तेवढ्यात चहा घेऊन आलेली असायची. तीही हसायची.

मागच्या जानेवारीत गीताबाई गेली. तिच्यामागे पोरांची ही पहिलीच खेप.

किल्ल्याच्या पायथ्याशी तिचा भज्यांचा गाडा होता. उरलेलं तेल ती पत्र्याच्या डब्यातून आणायची. तो डबा रोज गरम पाण्याने घासून दोन दगडांवर उपडा घालायची आणि उन्हं कलली की पदराचं टोक आत फिरवून बघायची. ओला डबा आणि गीताबाई ही गोष्टच मुळी शक्य नव्हती.

सहा वर्षांपूर्वी शाळेच्या बारा बसगाड्यांचा एक मालक बन्सीचं इंधन बघायला येणार होता. त्याने होकार दिला की गाडा बंद करायचा, असं बन्सीने बायकोला सांगून ठेवलं होतं. चुलीच्या झळीने तिचे डोळे कायम लाल असायचे. ती हो म्हणाली नव्हती, पण आदल्या आठवड्यात झारा मोडला तेव्हा तिने नवा घेतला नाही.

मालकाचा शहरातल्या क्रांती चौकातून फोन आला, तेव्हा तेल अजून बुडबुडत होतं. पाहुणा अर्ध्या तासात दारात. बन्सीने घाई केली. तेल अर्धंच तापवून उतरवलं, कॉस्टिक ओतलं, आणि मालकाच्या डोळ्यांदेखत पिंपात पिठल्यासारखा गोळा झाला.

"हे काय हो?" मालक म्हणाला.

"हिनं वला डबा आणला, सायेब. अडाणी बाई, काय करता."

गीताबाई चहाचे कप घेऊन उभी होती. तिने दगडावरच्या डब्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"व्हय," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

मालक गेला तो गेलाच. तिने त्या गोळ्याच्या वड्या पाडल्या, हाताला चावेनाशा होईपर्यंत सावलीत ठेवल्या आणि बन्सीचे ग्रीसचे कपडे त्याच वड्यांनी धुतले. पुढे पाच वर्षं गाड्यावर उभी राहिली. त्या दिवसाबद्दल एक शब्द काढला नाही. बन्सीनेही नाही. ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या सभेला जो तो उठून तिच्याबद्दल चांगलं बोलला, बन्सी मात्र मान खाली घालून बसून राहिला.

"काका?" श्रेयाने विचारलं.

"साबण व्हतो," बन्सी म्हणाला. नेहमीचं पुढचं वाक्य ओठांवर आलं. त्याने सवयीने दाराकडे पाहिलं. चहा घेऊन कुणी येत नव्हतं.

त्याने फळीवरून नखाएवढी उरलेली वडी काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"ही त्यातलीच. चूक माझी व्हती. घाईत तेल नीट तापवलं नाय म्या. नाव घेतलं बायकोचं. दर साली तुमच्यासारख्यांपुढं घेतलं."

फोटो काढणाऱ्या पोरांनी मोबाइल खाली घेतले.

"काकूंना माहीत होतं?"

"पयल्या दिसापासून."

"मग तुम्ही त्यांना कधी..."

"नाय, पोरी. ऱ्हाऊन गेलं."

राजेंद्र सरांनी शेडमधलं इंजिन चालू करायला सांगितलं. हँडलच्या एका फेरीत ते सुरू झालं. धुराला भज्यांचा वास आला, तसं कुणीतरी भूक लागल्याचं म्हणालं आणि सगळे मोकळे हसले. जाताना श्रेयाने वडी दोन्ही हातांनी परत दिली.

पोरं गेल्यावर बन्सीने गीताबाईचा डबा घासला. तेल आता हॉटेलवाले प्लास्टिकच्या कॅनमधून पाठवतात. या डब्यात वर्षभर थेंब पडला नव्हता. तरी त्याने तो गरम पाण्याने धुतला, दोन दगडांवर उपडा घातला आणि शेजारी बसून राहिला.

उन्हं कलल्यावर त्याने डबा उचलला आणि गळ्यातल्या उपरण्याचं टोक आत फिरवलं. डबा कोरडा ठणठणीत होता.