रंगाखालचा ओरखडा

मित्रांनो, वेल्डिंगच्या दुकानापुढून जाताना तुमची आई तुमचा हात घट्ट धरते आणि म्हणते, "तिकडे बघू नको, डोळे दुखतील." त्यामुळे तुम्ही मला कधी नीट पाहिलं नसेल. त्या निळ्या उजेडाच्या मागे, भिंतीला साखळीने बांधून मी उभा असतो. उंची तुमच्या आईच्या खांद्याएवढी, रंग काळा, डोक्यावर लोखंडी टोपी. मी ऑक्सिजनचा सिलिंडर आहे, आणि चांगलाच जुना आहे.

माझा जन्म भट्टीजवळचा. एक जाड पोलादी नळी लालबुंद तापवली, गरगर फिरवत तिचं एक टोक बंद केलं आणि दुसरं आवळून मान काढली. माझ्या अंगाला कुठे सांधा नाही, टाका नाही. पुढे सगळा जन्म सांधे जोडणाऱ्यांच्या घरात गेला, पण मी स्वतः मात्र अखंड. मग पोटात पाणी भरून, जोराचा दाब देऊन माझी परीक्षा घेतली आणि खांद्यावर ठोकून ठोकून माझा नंबर, माझं वजन आणि परीक्षेची तारीख उमटवली. ही परीक्षा आम्हाला दर पाच वर्षांनी द्यावी लागते. पास झालो तर खांद्यावर नवी तारीख आणि पोटात नवा वायू. नापास झालो तर करवतीखाली दोन तुकडे. तुमच्या शाळेत निदान पुन्हा बसता तरी येतं.

मला घरी आणलं ते मिस्त्रींनी. तेव्हा त्यांची मिशी काळी होती आणि दुकान म्हणजे पत्र्याखालची एक खोली. बहुतेक दुकानांत सिलिंडर भाड्याचे असतात. आज एक येतो, उद्या दुसरा, कोण कुठला कोणी विचारत नाही. मिस्त्रींना मात्र स्वतःचा हवा होता. पहिल्या दिवशी त्यांनी मला टेम्पोतून उतरवलं, खांद्यावरचे आकडे बोटाने वाचले आणि बायकोला हाक मारली, "अगं, बघ तरी. आपला आहे."

ती पीठ मळता मळता बाहेर आली आणि मला हात लावायला गेली.

"तेलाचा हात नको," मिस्त्री ओरडलेच. खरं होतं ते. शुद्ध ऑक्सिजनला तेल लागलं की भडका उडायला वेळ लागत नाही.

"बरं बाई," ती म्हणाली, "मला आणलं तेव्हा कुणाला हात धुवायला लावले नव्हते."

असे सुरू झाले माझे दिवस. माझ्या शेजारी तांबूस रंगाची दुसरी टाकी असायची. पेटायचं काम तिचं. मी स्वतः पेटत नाही, दुसऱ्याला नीट पेटायला मदत करतो. आमच्या दोघांच्या नळ्या मिस्त्रींच्या हातातल्या टॉर्चमध्ये, म्हणजे ज्योत पाडणाऱ्या पितळी नळीत, एकत्र आल्या की टोकाला निळी ज्योत उभी राहायची. तिच्यापुढे जाड पत्रा साबणासारखा कापला जायचा. किती फाटकं, किती शिड्या, किती हातगाड्या आम्ही केल्या. पावसाच्या पाण्याच्या टाकीला गळती लागली की लोक मिस्त्रींकडे धावत. शेजारच्या गल्लीतल्या बाळाच्या पाळण्याचा आकडा तुटला, तोही आम्हीच जोडला, आणि बाळ रडत होतं म्हणून आधी जोडला.

मिस्त्रींचा हात सारखा शिवशिवायचा. घरात जे दिसेल त्याला ते काहीतरी जोडत. स्टुलाला चौथा पाय, कपाटाला कडी, डब्याच्या झाकणाला मूठ. एकदा त्यांची बायको म्हणाली, "एवढं सगळं करता, मग या काळ्या खांबाला एक खुंटी लावा ना. पिशवी तरी अडकवीन."

"त्याला नाही," मिस्त्री म्हणाले. "त्याला वेल्डिंगची कांडी टेकवायची नाही. वेल्डिंगचा एक चटका बसला की तो गेलाच समज."

म्हणून आमच्या घरात वेल्डिंग न लागलेली लोखंडाची वस्तू मी एकटाच.

मिस्त्रींना एक मुलगी. ती माझ्यापाशी उभी राहून उंची मोजायची. आधी माझ्या पोटापर्यंत यायची, मग खांद्यापर्यंत. मिस्त्रींना ती आबा म्हणायची आणि आबा तिला बुटकी म्हणायचे. पुढे ती माझ्याच काय, आबांच्याही डोक्यावर गेली, पण नाव बुटकीच राहिलं. शाळेचा अभ्यास ती मला टेकून करायची. उन्हाळ्यात माझं अंग थंडगार लागतं ना. पाठीला पाठ लावून ती पाढे म्हणायची, आणि मधेच चुकली की मान वळवून माझ्याकडेच रागाने बघायची, जणू मीच चुकीचं सांगितलं.

पण मित्रांनो, एक दिवस वाईट निघाला. मला भरून आणताना टेम्पोची फळी निसटली आणि मी रस्त्यावर आडवा पडलो. घरंगळत जाऊन दगडी कठड्याच्या कडेला घासलो. टोपी होती म्हणून मान वाचली, पण खाली कमरेपाशी लांबलचक ओरखडा उठला. मिस्त्री धावत आले. त्यांनी त्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. संध्याकाळी काळ्या रंगाचा डबा आणून त्यावर जाड हात दिला.

तेव्हापासून माझ्या परीक्षेची तारीख जवळ आली की मिस्त्रींना दुसरं काहीतरी काम निघायचं. आज फाटक पोचवायचंय, उद्या टेम्पो नाही, परवा पाऊस आहे. आणि मग तारीख उलटून गेली. तारीख उलटलेला सिलिंडर कुणी भरत नाही, भरूही नये. मिस्त्रींनीही कुणाला गळ घातली नाही. त्यांनी भाड्याचा सिलिंडर आणला, माझ्या डोक्यावर टोपी घट्ट बसवली आणि मला ग्राइंडरच्या मागच्या कोपऱ्यात उभं केलं.

तिथे मी उभाच राहिलो. समोर भाड्याचे सिलिंडर यायचे, जायचे. ज्योत पेटायची, ठिणग्या उडायच्या, आणि माझ्या पोटात थोडासा उरलेला वायू गप्प पडून असायचा. सगळ्यांत जड गोष्ट कोणती सांगू? मला कोणी विसरलं नव्हतं. मिस्त्री दर उन्हाळ्यात यायचे, फडक्याने माझी धूळ पुसायचे आणि मला नवा रंग द्यायचे. ओरखड्यावर तर दोनदा. मी असा चकाचक दिसायचो की येणारे जाणारे म्हणायचे, "नवीन घेतला वाटतं?" मिस्त्री हसायचे आणि विषय बदलायचे.

वर्षं गेली. मिस्त्रींची मिशी पांढरी झाली आणि हात थरथरायला लागला. कांडी धरली की ज्योतीआधी हातच हलायचा. बुटकी बाहेर काम शिकून आली होती, दुकान हळूहळू तिने हातात घेतलं. एक दिवस ती कंबरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"आबा, आपला स्वतःचा असताना मी भाड्याच्या मागे का धावायचं? याची चाचणी करून आणू."

"नको," आबा म्हणाले. "जागा अडत असेल तर भंगारात दे."

"भंगारात चालेल आणि चाचणीला नको?"

आबा नळीची गुंडाळी करत बसले. आतून त्यांची बायको म्हणाली, "अगं, त्यांना टाकलेला चालतो. नापास झालेला चालत नाही."

बुटकीने माझी साखळी सोडली. "तुम्ही घरी थांबा," ती म्हणाली. "मी नेते." आणि तिने मला तिरपा करून, बुडाच्या कडेवर गोल गोल फिरवत बाहेर काढलं, तसं करायला आबांनीच तिला शिकवलं होतं. टेम्पो सुरू झाला तेव्हा आबा चपला घालून पुढे येऊन बसले.

चाचणी केंद्र म्हणजे मोठी ओली खोली. जमिनीवर पाणी, भिंतीला पंप, आणि एका कोपऱ्यात उघड्या तोंडाचे, अर्धे कापलेले सिलिंडर एकावर एक रचलेले. आबांनी तिकडे एकदाच पाहिलं. तपासनीस म्हणजे गळ्यात चष्मा अडकवलेले एक ठेंगणे गृहस्थ. त्यांनी उरलेला वायू हळूच सोडून दिला, माझा व्हॉल्व्ह काढला आणि तारेचा ब्रश फिरवायला घेतला. रंग निघेना. ब्रश काढला, खरवडणी घेतली. एक थर निघाला, खाली दुसरा. दुसऱ्याखाली तिसरा.

"सिलिंडर आहे की कांदा?" ते हसून म्हणाले. "इतका रंग कोणी दिला?"

"मी," आबा म्हणाले.

"का?"

तेवढ्यात ओरखडा उघडा पडला. तपासनिसांनी हसणं थांबवलं, चष्मा लावला आणि वाकून पाहिलं. "हं. हा जरा लांब आहे. खोल असेल तर मात्र बोलायलाच नको, तिकडे जाईल." त्यांनी हनुवटीने कोपऱ्याकडे दाखवलं.

आबा उठून बाहेर गेले. दाराबाहेरच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बुटकी मात्र हलली नाही. तपासनिसांनी एक बारीक टोकाचं माप त्या ओरखड्यात ठेवलं, जरा पुढे सरकवलं, पुन्हा ठेवलं. मी श्वास रोखून धरला, आणि माझ्यासारख्याने श्वास रोखला तर तो कसा रोखलेला असतो याची तुम्ही कल्पना करा.

"वरवरचा आहे," ते म्हणाले. "चालतो."

पण तेवढ्याने भागत नाही. त्यांनी हातोडीने मला टकटक केलं आणि कान देऊन ऐकलं. माझा आवाज स्वच्छ आला, लांबवर घुमला. आत दिवा सोडून पाहिलं. वजन केलं. मग पोटात पाणी भरून मला पाण्याच्या टाकीत बुडवलं आणि पंप सुरू केला. दाब वाढत गेला तसा मी फुगत गेलो. हो, पोलादसुद्धा फुगतं, डोळ्यांना दिसत नाही इतकंच. माझ्या अंगाने बाहेर ढकललेलं पाणी एका काचेच्या नळीत चढत होतं आणि बुटकीचे डोळे त्या नळीला चिकटले होते. खरी परीक्षा पुढेच असते. दाब सोडला की आम्हाला पुन्हा आपल्या मापाला यावं लागतं. जो फुगलेलाच राहतो, तो थकलेला. पंप थांबला, दाब सुटला. नळीतलं पाणी खाली येऊ लागलं, सावकाश, अगदी सावकाश, आणि जिथून निघालं होतं त्याच्या जवळ येऊन टेकलं.

"आबा," बुटकीने दारातून हाक मारली. "आत या. पास झाला."

आबा आत आले. तपासनीस माझ्या खांद्यावर नवी तारीख ठोकत होते. ठोकता ठोकताच ते म्हणाले, "मागल्या तारखेला आणला असता तरी पास झाला असता हो. तो ओरखडा तेव्हाही एवढाच होता. उगाच ठेवलात कोपऱ्यात."

ते सहज बोलून गेले. आबा बाकावर बसले. बराच वेळ ते त्या ओरखड्याकडे बघत होते. उघडा, राखाडी, बोटाच्या नखालाही नीट न लागणारा. "एवढाच होता," ते म्हणाले. "आणि मी बघितलंच नाही." बुटकी त्यांच्या शेजारी बसली. तिने त्यांच्या गुडघ्यावर उडालेली रंगाची खपली झटकली.

मला वाळवलं, नवा व्हॉल्व्ह बसवला, रंगाचा एकच पातळ हात दिला आणि खांद्यावरचे आकडे उघडे ठेवले. तिथून आम्ही गॅस भरण्याच्या जागी गेलो. तिथे गर्दी होती. मुकादमाने माझ्याकडे ओझरतं पाहिलं आणि रांगेतल्या एका भरलेल्या सिलिंडरवर थाप मारली.

"तुमचा ठेवा इथे, हा घेऊन जा. तारीख चांगली आहे. सिलिंडर सगळे सारखेच. कशाला ताटकळता?"

बुटकीला घाई होती, एका शिडीचं काम अडून बसलं होतं. तिने आबांकडे पाहिलं. हेच आबा सकाळी मला भंगारात द्यायला निघाले होते. त्यांनी माझ्या टोपीवर हात ठेवला.

"नको," ते म्हणाले. "आम्ही थांबतो. आमचाच भरा."

"वेळ लागेल, काका."

"लागू दे. मी यापेक्षा जास्त वेळ घालवलाय."

आम्ही थांबलो. ऊन उतरेपर्यंत आबा माझ्याच शेजारी उलट्या घमेल्यावर बसून होते. पोटात वायू भरत गेला तसा मी कोमट झालो. त्यांना ते हाताला जाणवलं असणार, कारण त्यांनी हात काढला नाही.

आता मी पुन्हा पुढच्या भिंतीशी उभा असतो. ज्योत बुटकीच्या हातात असते आणि आबा स्टुलावर बसून तिला चुका सांगतात, त्यांतल्या निम्म्या खऱ्या असतात. उन्हाळा आला की ते फडकं घेऊन येतात. धूळ पुसतात, तो ओरखडा नीट निरखतात आणि रंगाचा डबा न उघडताच परत जातात. मला तेवढंच पुरतं.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कोणी जुनं उभं असेल. एखादी सायकल, एखादं शिवणयंत्र. त्याला नुसतं चकचकीत करू नका, कधीतरी उजेडात नेऊन नीट बघा, बिघडलं असेल तर दुरुस्त करा. आणि तुम्हीही खेळताना पडलात, गुडघा खरचटला, तर मोजा वर ओढून झाकू नका. भीती वाटते, मला माहीत आहे. पण जाऊन आईला दाखवा. ती वाकून बघते, हलकी फुंकर मारते, आणि बहुतेक वेळा एवढंच म्हणते, "काही नाही झालं. जा, खेळ."