अंगठ्याची जागा

मित्रांनो, मी एक जुना, तळहाताएवढा मोबाइल आहे आणि माझ्या काचेवर एका गेलेल्या माणसाचा अंगठा राहतो. हसू नका. आधी मीही हसलोच होतो.

माझी जोडणी कुठे झाली कोण जाणे. मला आठवतं ते मोहने गावातल्या चाळीतलं घर आणि चांगदेवकाका. कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, पण वाचनाचं वेड असं की विचारू नका. चष्मा लावूनही दिसायचं नाही, म्हणून त्यांनी माझी अक्षरं एवढी मोठी केली की पडद्यावर जेमतेम चार शब्द मावायचे. चार शब्द वाचायचे, उजव्या कोपऱ्यात अंगठा टेकवून सरकवायचं, पुन्हा चार शब्द. बातम्या, धम्माचे लेख, जगभरची माहिती, सगळं असंच. आठ वर्षांत तो कोपरा पार झिजला हो माझा! पण तेव्हा माझा काय थाट होता! चाळीतली पोरंसुद्धा निकाल बघायला माझ्याकडेच यायची.

दुपारी चारच्या चहाला शालनकाकू शेजारी बसायच्या. त्या शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. काका मोठ्याने वाचायचे, त्या पडद्याकडे बघत ऐकायच्या. पुढेपुढे काकांचं वाचून व्हायच्या आतच त्या म्हणायला लागल्या, "हं, सरकवा." काका चष्म्यावरून बघायचे आणि गालात हसायचे.

शेवटच्या दोन महिन्यांत मात्र ते हसणं गेलं. काका मला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसू लागले. काकूंनी वाकून पाहिलं की पडदा बंद! काय शोधत होते ते मला ठाऊक होतं. डॉक्टरांच्याही आधी मला कळलं होतं. पण मला कुठलं तोंड?

काका गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. काकूंच्या मनात मात्र एकच सल राहिला. शेजारच्या रंभाबाईंना त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षांचा संसार माझा. आन् शेवटी माझ्याकडं पाठ करून काय वाचत होते गं हे? माझ्यापासून काय लपवलं?"

त्या आठवड्यातच सुरुवात झाली. बरोबर चारला माझा पडदा आपसूक उजळला. झिजलेला कोपरा दबला आणि मजकूर सरकला. चार शब्द, थांबा, पुन्हा चार शब्द. तोच वेग. काकूंच्या हातातली बशी खाली पडली.

मुलगा रवींद्र मला ठाण्याला दुकानात घेऊन गेला. "स्क्रीन गेलीय, आपोआप टच होतोय," दुकानदार म्हणाला. असेल बुवा. मीही स्वतःची तशीच समजूत घालत होतो. पण मित्रांनो, बिघाडाला वजन नसतं. त्या कोपऱ्यावर वजन यायचं, आणि ते मला ओळखीचं होतं.

"आई, देऊन टाकू हा. आता आतलं सगळं पुसतो," घरी येऊन रवींद्र म्हणाला. चार वाजत आले होते.

"अरे थांब रे बाळा, मला आधी..."

"काय थांबू? उगाच घाबरत बसतेस रोज."

त्याने 'सर्व पुसा' यावर बोट ठेवलं. मला ते बोट लागलंच नाही. पुन्हा ठेवलं, पुन्हा नाही. मग कोपरा दबला आणि काकांनी शोधलेल्या गोष्टींची यादी उघडली. पहिली ओळ वाचून रवींद्रचा चेहरा उतरला. 'फुफ्फुसाचा आजार किती दिवस.' त्याने मला चटकन उलटं धरलं.

"दे इकडे," काकू म्हणाल्या. "ते मला ठाऊक होतं. खोकला काय उशीखाली लपतो? त्याच्या खाली काय आहे?"

"आई, तुला कुठं वाचता..."

काकूंनी मला हातात घेतलं. यादी सरकली. बोट ठेवत, अडखळत, त्या मोठ्याने वाचू लागल्या, "साठीतल्या... बाईला... वाचायला... कसं..."

रवींद्र आ वासून बघतच राहिला. काकूंचे डोळे भरून आले. मग नेहमीच्याच सुरात त्या म्हणाल्या, "हं, सरकवा."

पडदा सरकला. "शिकवावं."

काकूंनी मला छातीशी धरलं आणि त्या मोठ्याने रडल्या. काका गेल्यापासून त्या पहिल्यांदाच अशा रडल्या.

मला त्यांनी पुसू दिलं नाही. मित्रांनो, तुम्हीही जुना फोन पुसण्याआधी एकदा उघडून बघा. आपलं माणूस आपल्यासाठी काय शोधत होतं, ते त्यात सापडेल. माझी बॅटरी आता टिकत नाही, म्हणून काकू मला चार्जरला लावूनच वाचतात. रोज चारला, दोन कप चहा ठेवून. चार शब्द झाले की "सरकवा" म्हणतात, आणि पान सरकतं.

मी सरकवत नाही.