फरशीवर उकळणारी व्याधी

शाळेत विज्ञान शिकवून थोरली दमूनभागून घरी आली, तर दारात ही गर्दी! आईला काही झालं की काय?

आत आई खुर्चीत बसली होती, सुजलेली पावलं पांढऱ्या संगमरवरी फरशीवर टेकवून. समोर उकळीबाबा. हे नाव त्याला लोकांनीच दिलेलं. त्याने बाटलीतलं मंत्रजल आईच्या पावलांपासून हातभर अंतरावर ओतलं मात्र, फरशी फसफसून उठली.

“बघा, बघा! व्याधी कशी तडफडतेय!” बाबा गरजला. “डॉक्टर हिला औषधांनी आत कोंडतात, मी बाहेर काढतो! फरशी उकळायची थांबली की व्याधी संपली. तोवर गोळी तोंडात घालायची नाही!”

शेजारीपाजारी हात जोडून उभे होते. धाकटा भाऊ मोबाइलवर शूटिंग करत होता.

“आईच्या हृदयाच्या गोळ्या बंद केल्यास तू?” थोरलीने विचारलं.

“ताई, आता इथे शाळा भरवू नकोस. आईला बरं वाटतंय.”

बरं वाटतंय म्हणे! श्वास घ्यायला आईचे खांदे वर उचलले जात होते. वर्गातली कार्टी परवडली, असं थोरलीला वाटून गेलं. भांडायचं त्राण नव्हतं, पण आईची ती पावलं बघवत नव्हती.

“बाबा, जरा ओट्यावर ओतून दाखवा.”

“व्याधी माणसापाशी असते ताई, ओट्यापाशी नाही!”

“बरं. मग आईलाच ओट्यापाशी बसवते.”

सगळ्यांसमोर बाबाला नाही म्हणता येईना. आईला धरून स्वयंपाकघरात नेलं, काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्याशेजारी बसवलं. थोरलीने बाटली घेतली आणि थोडं पाणी ओट्यावर ओतलं. एक बुडबुडा येईल तर शपथ!

“व्याधी घाबरली,” बाबा घाईघाईने म्हणाला.

“संगमरवरावर शूर आणि ग्रॅनाइटवर भित्री? भलतीच नखरेल दिसतेय!”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. थोरली बाटली घेऊन शेजारच्या पैलवानाच्या दाराशी गेली. या गड्याला कधी साधी सर्दी झालेली कुणी पाहिली नव्हती.

“तुझ्या उंबऱ्यावर थेंबभर टाकू?”

“टाका की! मला काय धाड भरलीय?”

संगमरवरी उंबरा फसफसला. पैलवानाचा चेहरा खर्रकन उतरला. “ताई, मला काय झालंय हो?”

“काही नाही रे. तुझा उंबरा संगमरवराचा आहे, एवढंच.” ती आईकडे परतली. “आई, फरशीवर लिंबू सांडलं की तू आमच्यावर का ओरडायचीस?”

“डाग पडतो ना. चकाकी जाते, मग कितीही पुसा.”

“का जाते? संगमरवर चुन्याच्या जातीचा दगड. आंबट काही पडलं की तो विरघळतो आणि वायू सुटतो, तोच हा फेस. लिंबाने हळूहळू होतं. या बाटलीत संडास धुवायचं अ‍ॅसिड आहे, पाणी घातलेलं. वास घ्या हवं तर. ग्रॅनाइटवर त्याचं काही चालत नाही. फरशी उकळायची थांबेल ती दगड संपल्यावर! आणि तोवर माझी आई...”

बाबाला एकाएकी पुढच्या घरची आठवण झाली. दोघेचौघे त्याच्यामागे गेलेसुद्धा. थोरली त्यांच्याकडे बघतच राहिली. मग उरलेल्यांना थकल्या आवाजात म्हणाली, “चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एकदा स्वतः करून बघा. आणि औषध बंद करायचं की नाही, ते फक्त डॉक्टरांना विचारा. एवढं करा, बाबांनो.”

धाकट्याने मान खाली घालून डॉक्टरांना फोन लावला. आजची गोळी द्या आणि लगेच घेऊन या, असं ते म्हणाले.

आई खोलीत येऊन फरशीवरच्या त्या निस्तेज डागाकडे बघत उभी राहिली.

“म्हणजे जे उकळून गेलं, ते माझं दुखणं नव्हतंच?”

“नाही आई. तो आपल्या फरशीचा दगड होता.”

“आणि दुखणं?”

“आहे तिथेच आहे.”

आईचे डोळे भरून आले. डोळ्यांदेखत जाताना पाहिलं होतं तिने ते. मग तिने धाकट्यापुढे हात पसरला.

“दे गोळी.”