काचेतला बेंजो

मित्रांनो, मी एक जुना बेंजो आहे. सतार, सारंगी ही वाद्यं तुम्ही पुस्तकात पाहिली असतील, मी मात्र पुस्तकात फारसा सापडत नाही. लाकडाची लांबट पेटी, वर ताणलेल्या तारा आणि त्यांवर टाइपरायटरसारखी बटणं, असं माझं रूप. डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. वरातीत आणि हळदीत मी वाजतो. निदान वाजत असे.

माझा जन्म अमळनेरचा. हिलाल मिस्त्रींनी एका मोडक्या कपाटाच्या सागवानी फळ्यांतून मला घडवलं. बटणांसाठी त्यांनी भंगारातला एक टाइपरायटर फोडला. त्यामुळे माझ्या बटणांवर अजून अ, क, म अशी अक्षरं पुसट दिसतात. पुढे या अक्षरांवर एक मोठा लेख लिहिला गेला. मिस्त्रींना एवढंच ठाऊक होतं, की नवी बटणं महाग पडतात.

मला छगन नावाच्या एका तरुणाने विकत घेतलं आणि त्याच्यासोबत मी सुरतला आलो. तिथल्या गोडादरा भागात एका खोलीत त्याने बिऱ्हाड मांडलं. दिवसभर तो यंत्रमागाच्या कारखान्यात असे. इथले कामगार कारखान्याला खातं म्हणतात. खात्यातल्या खडखडाटाने त्याचे कान बधिर होत. तरी घरी आला, की हातपाय धुऊन तो मला मांडीवर घेई. आमच्या गल्लीत धुळ्या-जळगावकडची घरं पुष्कळ. कुणाच्याही पोरीची हळद निघाली, की पहिलं बोलावणं मला. बायका अहिराणी गाणी म्हणत आणि मी त्यांच्या मागे मागे जाई. खरं सांगायचं तर त्या माझ्या मागे येत, पण हे त्यांच्यासमोर म्हणायची माझी छाती नव्हती. त्या दिवसांत माझा भाव भलताच वधारला होता.

मग गल्लीत डीजे आला. त्याच्यापुढे माझं काय चालणार? नगाऱ्यापुढे टिमकी. हळूहळू बोलावणी बंद झाली आणि मी कपाटावर जाऊन बसलो. छगनची बायको मंगलाबाई दर दिवाळीला मला पुसून ठेवी. वाईट वाटे, पण ते घर माझं होतं. फोडणीचा वास येई, भांडणं ऐकू येत. छगनची मुलगी योगिता मैत्रिणींशी फोनवर भरभर गुजराती बोले, तेही मला कळू लागलं होतं.

अशात एक दिवस श्वेताताई आल्या. त्या सुरतच्याच अडाजण भागातल्या, वडील बँकेत अधिकारी. घरात मराठीच, पण पुस्तकातली. परमुलखात आलेली माणसं कोणती गाणी ऐकतात आणि त्यातून स्वतःला कोण समजतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. मोठ्या मायेने त्या सगळ्यांशी बोलल्या. त्यांनी छगनला विचारलं, “काका, तुम्ही स्वतःला सुरती म्हणता की खानदेशी?”

छगन हसून म्हणाला, “खातामा सुरती, हळदमा खान्देशी.”

ताई खूश झाल्या. त्यांनी छगनला वाजवायला लावलं, ते रेकॉर्ड करून घेतलं आणि मग मला हातात घेऊन म्हणाल्या, “किती सुंदर आहे हो हा!”

“लई जा ना ताई,” छगन म्हणाला. “तुमनाच शे.”

आता मित्रांनो, इथेच माझं नशीब फिरलं. पाहुण्याने एखादी वस्तू वाखाणली, की आमच्या लोकांच्या तोंडून ‘घेऊन जा, तुमचंच आहे’ हे वाक्य आपोआप निघतं. त्यावर पाहुण्याने म्हणायचं, “छे, तुमच्याकडेच शोभतो,” आणि वस्तू जागेवर ठेवायची. दोघांचाही मान राहतो. आमच्या गल्लीत चार वर्षांच्या पोरालाही हे कळतं.

श्वेताताईंना मात्र ते ठाऊक नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. “काका, एवढी मोलाची वस्तू तुम्ही मला देताय?” असं म्हणून त्यांनी मला छातीशी धरलं. मंगलाबाई चहाचे कप घेऊन दारात उभी राहिली, ती उभीच. दिलेला शब्द कसा फिरवायचा? छगनने स्वतः मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि खाली रिक्षापर्यंत पोहोचवलं.

तिथून मी ताईंच्या कॉलेजातल्या संग्रहालयात आलो. काचेची पेटी, आत पांढरा दिवा, पेटीला कुलूप. बाहेर पाटी लावली, ‘खानदेशी स्थलांतरितांची सांगीतिक ओळख. श्री. छगन यांच्याकडून सप्रेम भेट.’ धूळ नाही, झुरळ नाही, कुणाचा धक्का नाही. तुम्हाला वाटेल, काय थाट आहे! पण माझा जीव गुदमरत होता. आवाज आत येई, वास येत नसे. कुणी बोट लावत नसे. मुलं काचेला नाक लावून बघत आणि पुढे जात.

त्याहून वाईट एक गोष्ट होती. पेटीखाली एक बटण होतं. ते दाबलं, की छगनने त्या दिवशी वाजवलेलं गाणं लागे. माझाच आवाज बाहेर घुमे आणि मी आत मुका पडून ऐके. सुरुवातीला मला अभिमान वाटला. नंतर नंतर कुणी बटणाकडे हात नेला, की नको रे बाबा असं होई. उजव्या बाजूची काही बटणं आखडू लागली होती. मला ते कळत होतं, पण सांगणार कुणाला?

मग यंदा छगन, मंगलाबाई आणि योगिता तिघं लग्नाची पत्रिका घेऊन ताईंकडे आली. योगिताचं लग्न ठरलं होतं. ताईंनी हौसेने सगळ्यांना माझ्यासमोर आणलं. छगनने काचेवर हात ठेवला. त्याच्या बोटांचे ठसे माझ्या अगदी जवळ उमटले. साऱ्या गल्लीच्या पोरींच्या हळदीला आम्ही वाजलो होतो. त्याच्या स्वतःच्या पोरीची हळद दोन दिवसांवर आली आणि मी कुलपात!

“काका, इथे छान दिसतो ना?” ताईंनी विचारलं. “याची आठवण येते का?”

माग रे छगन, माग, मी आतून आक्रोश करत होतो.

“नही ताई,” तो म्हणाला. “तुमनाच शे.”

मी आशा सोडली. तेवढ्यात योगिता बोलली. पोरगी अहिराणी विसरली म्हणून सगळे तिला नावं ठेवत. ती गुजरातीतच म्हणाली, “मॅडम, पप्पा खोटुं बोले छे. एमने बेंजो पाछो जोईए छे. मारी हळदीमां वगाडवो छे.” पप्पांना मी परत हवा होतो, तिच्या हळदीत वाजवायला.

“योगिता, गप र्‍हाय!” छगन ओरडला. “दिधेल वस्तू मांगतस का?”

आता मंगलाबाईचा बांध फुटला. “दिधा कव्हय व्हता? ते तं बोलनं व्हतं! लई जा म्हंतस, तव्हय कोनी खरंच लई जास का?”

श्वेताताई लाल झाल्या, मग पांढऱ्या पडल्या. “काका, मला खरंच वाटलं, की तुम्ही...” त्या पाटीकडे वळल्या. “तुमनं काय चुकनं, ताई,” छगन पुटपुटला. ताईंनी पर्समधून किल्ली काढली. पहारेकरी म्हणाला, की सरांना विचारायला हवं. “सरांना मी सांगते,” असं म्हणत त्यांनी कुलूप उघडलं. छगनचे हात पुढे होईनात. मंगलाबाईने मला उचललं आणि पदराखाली घेतलं. त्या पदराला लसणाचा वास येत होता.

हळदीच्या दिवशी मांडवात मी छगनच्या मांडीवर होतो. समोर पाटावर योगिता. छगनने तारा लावल्या, गाणं धरलं आणि थबकला. माझी तीन बटणं दबली ती वर येईनात. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच खड्डा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्यासाठी का मी सुटून आलो?

छगन मला खाली ठेवणार, तोच शेजारच्या सरलाबाईंनी गाणं उचललं. मग मंगलाबाई, मग सगळ्या. जिथे माझा सूर निघत नव्हता, तिथे त्या मोठ्याने गात. छगन वाजवत राहिला. चौथ्या ओळीला योगिताचेही ओठ हलू लागले. शब्द चुकत होते, पण होते अहिराणीच.

मित्रांनो, आम्हाला जपायचं असेल तर जरूर जपा. पण काचेत ठेवण्याआधी एकदा घरच्यांना नीट विचारा, आणि अधूनमधून आम्हाला वाजवत चला. माझी ती तीन बटणं आता कायमची गेली आहेत. ते सूर त्या बायकांना येतात. त्या आहेत तोवर शिकून घ्या.