काळ्या कपड्यांना चालेल असा किनारा

"ही सुरी म्हणजे तळं," सासूबाई म्हणाल्या आणि भाजीची लांब सुरी त्यांनी टेबलाच्या मधोमध आडवी ठेवली. मुठीपाशी एक टोमॅटो ठेवला. "हा बसथांबा. आपली अख्खी गल्ली इथे उतरते आणि उतरते तिथेच पथारी पसरते. म्हणजे इथे नको."

सुरीच्या पलीकडच्या बाजूला त्यांनी कांदा ठेवला. "आणि या वन्सं."

मला हसू आलं. सासऱ्यांची थोरली बहीण रोसांदा हिला कांद्याहून जास्त शोभेलशी दुसरी भाजी आमच्या घरात नव्हती. रोसांदा तळ्याच्या पलीकडच्या काठावर राहते. उन्हाळाभर ती चार बायकांबरोबर तिथल्या बाकावर बसते आणि येणाराजाणारा प्रत्येक माणूस डोळ्यांनी मोजून घेते. त्यामुळे ती सबंध बाजू बाद झाली. मधल्या पट्ट्यात खानावळी आहेत, तिथे सकाळपासून गाणी वाजतात, आणि आमच्या घरात गाण्यांना बंदी होती. आमचा रेडिओसुद्धा फेब्रुवारीपासून विणलेल्या रुमालाखाली गप्प बसला होता.

फेब्रुवारीत माझे सासरे, तिहोमिर, गेले. तेव्हापासून त्र्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, विदोसावाबाई, डोक्याच्या रुमालापासून पायातल्या मोज्यांपर्यंत काळ्या कपड्यांत. जुलै उजाडला, बेलग्रेडचं डांबर चपलांना चिकटायला लागलं, तरी मोजे निघाले नाहीत. आई, काळ्या कपड्यांत ऊन जास्त लागतं, असं मी एकदा सांगून पाहिलं. त्यावर, कोण मेलंय हे उन्हाला काय कळतं, एवढंच त्या म्हणाल्या. आणि मग रविवारी, जेवण झाल्यावर, माझा नवरा गोइको हात धुवायला गेलेला पाहून त्यांनी मला हळूच सांगितलं की मला तळ्यात उतरायचंय.

त्या तळ्यावर, म्हणजे आदावर, त्या शेहेचाळीस उन्हाळे गेल्या होत्या. पाण्यात एकदाही नाही. नाटकगृहाच्या कोटघरात त्यांनी तेहेतीस वर्षं लोकांचे कोट सांभाळले आणि सुटीच्या दिवशी काठावर बसून आमचे कपडे, घड्याळं, चपला, शेवटी शेवटी सासऱ्यांची कवळीसुद्धा. सासरे कमरेएवढ्या पाण्यातून हाक मारायचे, विदो, ये की. सासूबाई म्हणायच्या, पुढच्या वर्षी, सामान कोण बघणार? हा संवाद मी स्वतः एकोणीस उन्हाळे ऐकला आहे. मला तो त्या दोघांचा विनोद वाटायचा. मी ओल्या अंगाने येऊन त्यांच्याच हातून टॉवेल घ्यायचे आणि कलिंगड खायचे, हे आता लिहिताना मला लाज वाटते.

"आई, वर्ष तर होऊ द्या," मी म्हटलं होतं. "पुढच्या उन्हाळ्यात आपण सगळेच..."

"पुढच्या वर्षी, हे मी शेहेचाळीस वेळा म्हटलंय. ज्याला म्हणत होते तो गेला. आता कुणाला म्हणू?"

पण रोसांदाला कळलं तर काय होईल ते आम्हां दोघींना ठाऊक होतं. भावाच्या कबरीवरची माती अजून बसली नाही आणि बायको पाण्यात डुंबते, हे वाक्य तिने सगळ्या नातलगांत फिरवलं असतं, आणि आमच्याकडे असं एक वाक्य माणसापेक्षा जास्त जगतं. गोइकोच्या एका चुलत आजीने दुखवट्याच्या वर्षात भर रस्त्यात आइस्क्रीम खाल्लं होतं. आजी जाऊन वीस वर्षं झाली, ते आइस्क्रीम अजून वितळलेलं नाही. सासूबाईंनी जन्मभरात स्वतःला नावं ठेवायला कुणाला जागा दिली नव्हती, आणि ती पुण्याई एका सकाळीत जाणार होती.

सुरीवर एकच जागा उरली होती. मी गमतीने तिच्या टोकावर बोट ठेवलं. "मग हे घ्या. पार वरचं टोक. झाडांच्या आड. तिथे नागडी माणसं असतात."

सासूबाई हसल्या नाहीत. विचार करू लागल्या.

"आपल्या गल्लीतलं कोणी जातं तिथे?"

"आई, आपल्या गल्लीतलं कोणी आंघोळीलासुद्धा एवढं उघडं होत नसेल."

"मग ठरलं," त्या म्हणाल्या आणि टोमॅटो उचलून चिरायला घेतला.

गोइकोला आम्ही कबरीवर जातो असं सांगितलं. पण मेलेल्या माणसाच्या नावाने खोटं बोलणं सासूबाईंना जमेना, म्हणून मंगळवारी सकाळी सातला आम्ही खरंच कबरीवर गेलो. त्यांनी मेणबत्ती लावली, सासऱ्यांसाठी एक सिगारेट पेटवून दगडावर ठेवली आणि ती जळेपर्यंत दगडाशी पुटपुटत राहिल्या. परवानगी मागत होत्या की नुसतं कळवत होत्या, मी विचारलं नाही. मग बस धरली.

एक थांबा आधीच उतरलो आणि झाडांच्या सावलीतून वरच्या टोकाकडे चालत निघालो, पाऊण तास. माझ्या पिशवीत टॉवेल होते, कॉफीचा थर्मास होता आणि माझा फुलाफुलांचा एक झगा होता. ओल्या कपड्यांत बसलं की बाईमाणसाच्या पोटात गारठा शिरतो हे आमच्याकडे जन्मल्याबरोबर शिकवतात, तेव्हा कोरडं काहीतरी हवंच. झाडांमधून पाणी दिसायला लागल्यावर सासूबाई थांबल्या. इतकं मोठं आहे हे, त्या म्हणाल्या. शेहेचाळीस वर्षं त्यांनी तळं पाहिलं होतं, पण ते टॉवेलवर बसून, पाण्यातली आपली माणसं मोजत. आज मोजायला कोणी नव्हतं. मीही पाहिलं, आणि खरं सांगते, मलाही ते त्या दिवशी पहिल्यांदाच दिसलं. हिरवं, स्थिर, आणि पलीकडच्या काठापर्यंत उजेडाने भरलेलं.

टोकाला वीसेक माणसं होती. बहुतेक पन्नाशी-साठीची. दोघे बुद्धिबळ खेळत होते, एक बाई विणत होती. मी नजर झाडांच्या शेंड्यांवर ठेवली. सासूबाईंनी मात्र दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत शिरावं तसा सगळ्यांना मिळून एक नमस्कार केला आणि खडीवरून पाय जपत पुढे निघाल्या. डोक्यापासून पायापर्यंत काळी बाई त्या उघड्या माणसांमधून चालत होती. बोलणी थांबली.

विणणाऱ्या बाईने विचारलं, "कोण गेलं?"

"नवरा. फेब्रुवारीत."

"देव त्याच्या आत्म्याला शांती देवो," ती बाई म्हणाली आणि तिने विणकाम बाजूला ठेवून अंगावर चादर ओढली. मग बुद्धिबळवाल्यांनी टॉवेल घेतले. एका म्हाताऱ्याला काही मिळेना, त्याने वर्तमानपत्र उघडून मांडीवर घेतलं. रस्त्यातून अंत्ययात्रा गेली की आमचे लोक टोप्या काढतात. या बिचाऱ्यांकडे काढायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी घातलं.

आणि तेवढ्यात मला पाण्यात ती गवती हॅट दिसली.

हॅटखाली स्वेतोझार होता. आमच्याच इमारतीतला, दुसऱ्या मजल्यावरचा. इमारतीच्या मंडळाचा अध्यक्ष आणि चर्चच्या कारभारी मंडळातला सभासद. मार्चमध्ये मी जिन्यात सहज काहीतरी गुणगुणले, तेव्हा याच माणसाने मला थांबवून, तुमच्या घरात दुखवटा आहे ना, असं विचारलं होतं. त्याने आम्हांला पाहिलं आणि तो हळूहळू खाली गेला, हनुवटी पाण्याला टेकेपर्यंत.

मी सासूबाईंचं कोपर धरलं. "आई, चला. याच्या तोंडातून रोसांदाआत्यांपर्यंत जायला दोन दिवस लागणार नाहीत."

त्या उभ्या राहिल्या. हॅटकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. मला वाटलं परत फिरणार. आयुष्यभर त्या अशाच परत फिरल्या होत्या, कुणीतरी बघेल म्हणून, कुणाला तरी लागेल म्हणून. मी पिशवी खांद्याला अडकवलीसुद्धा. पण सासूबाई एका दगडावर बसल्या आणि त्यांनी बूट काढले. मग मोजे, आधी डावा, मग उजवा, नीट गुंडाळून. त्यांची पावलं मी कधी उन्हात पाहिली नव्हती. पांढरीफटक होती, लहान मुलीची असावीत तशी. घड्याळ काढून त्यांनी माझ्या हातात दिलं.

"शेजारी," त्यांनी आवाज दिला, "तिथे किती खोल आहे?"

हॅट जरा वेळ हलली नाही. मग आवाज आला, "गळ्यापर्यंत, शेजारीणबाई. पण... मी जरा खाली बसलोय."

"मग कमरेपर्यंत म्हणा की."

त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि पाण्यात पाय घातला. काळा घागरा हवेने फुगून वर आला, तो त्या दोन्ही हातांनी खाली दाबत राहिल्या. चौथ्या-पाचव्या पावलाला त्यांचा पाय सरकला. मी ओरडणार, एवढ्यात स्वेतोझारने मान दुसरीकडे वळवली आणि पाण्याबाहेर फक्त हात पुढे केला.

"दगड निसरडे आहेत. डावीकडून या. घाई नको."

त्यांनी तो हात धरला. चर्चचा सभासद अंगावर फक्त हॅट घालून आणि दुखवट्यातली बाई अंगावर सगळं घालून, दोघं हात धरून उभी, आणि दोघांनी तोंडं विरुद्ध दिशांना केलेली. काठावर कोणी हसलं नाही.

मग सासूबाईंनी हात सोडला आणि त्या पाण्यात बसल्या. पाणी खांद्यांवर आलं, हनुवटीला लागलं, रुमालाची टोकं सुटी होऊन तरंगायला लागली. मी अठरा वर्षं दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे. ठणका थांबतो त्या क्षणाचे चेहरे मी रोज पाहते. पण इतक्या वर्षांचा ठणका एकदम थांबलेला मी कधी पाहिला नव्हता. त्या रडत नव्हत्या, हसतही नव्हत्या. नुसत्या होत्या.

"आले रे, तिहो," त्या म्हणाल्या.

मोठ्याने नाही म्हणाल्या, पण पाण्यावरून आवाज लांब जातो. चादरीतल्या बाईने डोळे पुसले. मी उभीच होते, हातात घड्याळ घेऊन, आणि मला वाटत होतं की मी चर्चमध्ये आहे आणि माझे बूट फार मळलेले आहेत.

किती वेळ गेला कोण जाणे. स्वेतोझारचे ओठ निळे पडायला लागले तेव्हा सासूबाईंच्या लक्षात आलं. शेजारी, मी पाठ करते, तुम्ही जा बघू, असं त्यांनी सांगितलं. मीही पाठ केली. त्या बाहेर येऊन टॉवेलवर बसल्यावर तो पुन्हा आला, तोपर्यंत पँट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा आणि मोजे चढवलेले.

"शेजारीणबाई, मी आज काही पाहिलं नाही," तो म्हणाला.

"मी पाहिलं," सासूबाई म्हणाल्या. "पाणी फार छान आहे. कॉफी घेता?"

तो बसला. दोघं इमारतीच्या नादुरुस्त लिफ्टबद्दल बोलत राहिले.

माझा फुलाफुलांचा झगा त्यांनी घातला नाही. उन्हात उभं राहून घागरा अर्धामुर्धा वाळवला आणि बसमध्ये टॉवेल अंथरून त्यावर बसल्या. पोटात गारठा शिरायचा तर शिरू दे म्हणाल्या. बस निम्मी भरलेली होती. बाराला फोन वाजला. बाराला रोसांदाचाच असतो. सासूबाईंना ऐकायला कमी येतं, त्यामुळे त्यांचा फोन बसभर ऐकू जातो. मी हाताने खुणा केल्या, कबर म्हणा, कबर.

"कुठे आहेस?" रोसांदाने विचारलं.

"बसमध्ये. तळ्यावरून घरी चाललेय. पाण्यात उतरले होते, वन्सं."

मी डोळे मिटले. शेहेचाळीस वर्षांचं राखलेलं नाव त्यांनी तीन वाक्यांत बसमध्ये ठेवून दिलं होतं. फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता.

"काळ्या कपड्यांत?"

"काळ्या कपड्यांतच. रुमालासकट."

पुढच्या आसनावरच्या बाईने मान वळवली. मग रोसांदा बोलली, आणि तो आवाज मी ओळखलाच नाही, इतका तो बारीक झाला होता.

"आणि कसं असतं गं, आत?"

मी डोळे उघडले. ऐंशी वर्षांची बाई, तळ्याच्या काठावर जन्म गेलेला, बाकावरून एक उन्हाळा न चुकवलेली. सासूबाईंनी घाईने उत्तर दिलं नाही. चुकीचं काही सांगितलं जाऊ नये म्हणून त्या आठवत होत्या.

"खाली गार असतं, वन्सं. वर कोमट. आणि मधे आपण."

"आणि गुडघे?"

"गुडघे नसतातच. आत असेपर्यंत नसतात."

"हं," रोसांदा म्हणाली. "आणि पायाखाली काय लागतं?"

सासूबाई फोन दोन्ही हातांनी धरून सांगत राहिल्या. दगड कसे हलतात ते, घागरा कसा वर येतो ते, पाणी कानापाशी आलं की शहर कसं ऐकू यायचं थांबतं ते. आमचा थांबा आला. मी घंटा वाजवली नाही.