आधण प्यालेला डबा

मी वनस्पती तुपाचा डबा बोलतोय. तूप कधीच संपलं. आता पोटात माती आहे.

इतवारीतल्या वाण्याकडून मला रुपरावाच्या घरी आणलं ते त्याच्या लग्नासाठी. माझ्यातल्या तुपात बुंदी तळली, पंगती उठल्या आणि नवरी शामला उंबरठा ओलांडून आत आली. पुढे मी अंगणात पडून राहिलो. रिकामा डबा माणसांना टाकवत नाही. बायको मात्र टाकवते.

काही वर्षं गेली, पाळणा हलला नाही. सासू रुखमाबाईनं लेकासाठी दुसरी मुलगी बघायला घेतली. शामला तिच्या पाया पडली. नवरात्रात घट कसा उगवतो त्यावरून घराचं बरंवाईट सांगणारी ही सासू. म्हणाली, "त्या डब्यात फुलाचं बी पेर. उगवलं तं राह्य. वांझ हाताले बी उगवत नाही."

रुपराव पान जुळवत होता. त्यानं मान डोलावली.

शामलानं सीताबर्डीहून झिनियाच्या बियांचं पाकीट आणलं. त्यावर लाल, पिवळी, गुलाबी फुलं छापलेली. खिळ्यानं माझ्या बुडाला भोकं पाडली, माती बोटांनी मऊ केली आणि बी पेरलं. इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता.

सकाळी ती नळावर गेली की रुखमाबाई चहाचं आधण घेऊन बाहेर यायची. निम्मं उकळतं पाणी चहाला, निम्मं मला. माझा पत्रा पोळायचा, आत बी शिजायचं. मग शामला यायची आणि भरल्या घागरीतलं पहिलं पाणी मलाच घालायची. "एक तरी उगव गा," म्हणायची. तिनं पुन्हा बी पेरलं, पुन्हा तेच झालं. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं. डब्याला नुसतं बूड असतं.

नवरात्रात देवापुढचा घट तरारून उगवला. दसरा झाल्यावर रुखमाबाईनं शामलाला माझ्यापुढे उभं केलं.

"पाय, तुयाच डोळ्यानं पाय."

शामलानं पाहिलं. भांडली नाही, रडलीही नाही. तिला ते पटलं होतं, आणि मला ते आधणाहून जास्त पोळलं. कन्हानहून तिचा भाऊ न्यायला आला. निघताना तिनं पाकीट माझ्यावर उगाच झटकलं. तळाशी थोडं बी उरलं होतं.

मग आधण बंद झालं. आता कुणासाठी ओतायचं? परतीच्या पावसावर आणि दवावर बी उगवलं. मार्गशीर्षात रुपरावाचं दुसरं लग्न लागलं तेव्हा मी लाल-पिवळ्या फुलांनी भरलो होतो. रुखमाबाईनं त्यातलं एक तोडून नव्या सुनेच्या, प्रेमिलाच्या, केसांत खोवलं आणि शेजारणींना म्हणाली, "पायगुण पाहा वं हिचा."

आता प्रेमिलाच्या लग्नालाही वर्षं झाली. पाळणा अजून हलत नाही. काल रुखमाबाईनं तिच्या हातात बियांचं पाकीट दिलं. तिनं माझ्यातच पेरलं.

आत्ता ती नळावर गेली आहे. आत आधणाला उकळी फुटते आहे.

तुम्हाला तोंड आहे. कन्हानला जाणारं कुणी असेल तर शामलाला एवढं सांगा, तिचं बी उगवलं होतं. आणि त्याआधी जमलं तर नळावर जा.